कँटनच्या दारात बावीस वर्षं : रे गाय या पंटरचं प्रकरण

सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, आदल्या दिवशी, १ फेब्रुवारी २०१४ रोजी, या खेळातल्या थोरांचं दालन असलेल्या प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेमच्या निवड समितीने विल्यम रे गाय याच्या नावावर शिक्कामोर्तब केलं. फक्त पंटर म्हणून, म्हणजे चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलण्यासाठी, खेळलेला एकही माणूस तोवर ओहायो राज्यातल्या कँटनच्या त्या दालनात नव्हता. दालन उभं राहिलं १९६३ साली. रे शेवटचा खेळला १९८६ च्या हंगामात, आणि त्याचं नाव अंतिम यादीत पहिल्यांदा आलं १९९२ साली. चर्चेला येण्यापासून आत जाईपर्यंत बावीस वर्षं गेली. या बावीस वर्षांत त्याने एकही पंट मारला नाही आणि त्याच्या कारकिर्दीतला एकही आकडा हलला नाही.

मग हललं काय? या प्रकरणात मला सगळ्यात जास्त रस याच प्रश्नात आहे. ‘उशिरा का होईना, न्याय मिळाला’ असं म्हणून ते मिटवता येतं, पण मग २०१४ नंतर दुसरा पंटर आत का गेला नाही याचं उत्तर मिळत नाही. माझ्या मते मतदारांचं मत फारसं बदललं नाही, त्यांना विचारला जाणारा प्रश्न बदलला. तो कसा, हे समजायला आधी पंटरचं काम, मग रे, आणि मग समितीचं कामकाज या क्रमाने जावं लागेल.

पंटर करतो काय

हा खेळ न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मैदान १०० यार्डांचं. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही जमलं तर चेंडू आहे त्या जागी प्रतिस्पर्ध्याला मिळतो. म्हणून तीन प्रयत्न फसले आणि गोल बराच लांब असला, की चौथ्या प्रयत्नाला पंटरला बोलावतात. लाँग स्नॅपर दोन पायांच्या मधून चेंडू मागे फेकतो, सुमारे पंधरा यार्डांवर उभा असलेला पंटर तो झेलतो, एक-दोन पावलं टाकतो, चेंडू हातातून सोडतो आणि जमिनीला टेकण्याआधी लाथाडतो. स्नॅपपासून लाथेपर्यंत साधारण दोन सेकंद. समोरून मोठमोठे गडी त्याच्या अंगावर धावून येत असतात.

या लाथेने गुण मिळत नाहीत. प्रतिस्पर्ध्याला हल्ला किती मागून सुरू करावा लागेल, एवढंच ठरतं. पण फुटबॉलमध्ये ही जागा फार मोठी गोष्ट आहे. स्वतःच्या १० यार्डांच्या रेषेवरून सुरुवात करणाऱ्या संघाला ९० यार्ड कापायचे असतात, ४० वरून करणाऱ्याला ६०. सामनाभर हा फरक साठत जातो.

पंट किती लांब गेला हे मोजायला सोपं, पण ते अर्धंच मोजमाप. चेंडू ५० यार्ड गेला आणि झेलणाऱ्याने तो २० यार्ड परत आणला, तर हाती राहिले ३०. ४३ यार्ड गेलेला पंट परतच आला नाही, तर तो त्याहून कितीतरी चांगला. म्हणून चेंडू हवेत किती वेळ राहतो याला महत्त्व, आणि त्याला सगळे हँग टाइम म्हणतात. चेंडू खाली येईपर्यंत आपले धावणारे गडी झेलणाऱ्यापर्यंत पोचले, की त्याच्यापुढे फेअर कॅचचा (फक्त झेलणार, पळणार नाही, असा) हात वर करण्यावाचून फारसा मार्ग उरत नाही. चाळीस यार्ड धावायला वेगवान खेळाडूला साडेचार सेकंदांच्या आसपास लागतात. त्यामुळे पंटरचा सगळा हिशोब त्या साडेचार-पाच सेकंदांभोवती फिरतो. हवेचा अडथळा सोडून दिला तर पाच सेकंद हवेत राहणारा चेंडू साधारण ३० मीटर, म्हणजे जवळजवळ १०० फूट उंच जातो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जॉर्जियाचा पोरगा

रेचा जन्म २२ डिसेंबर १९४९ चा, जॉर्जिया राज्यातल्या स्वेन्सबरोचा. शाळा थॉमसन या छोट्या गावात, कॉलेज मिसिसिपीतल्या हॅटिसबर्गला, सदर्न मिसिसिपी विद्यापीठात. पंटर म्हणजे ज्याला दुसरं काही जमत नाही म्हणून लाथ मारायला ठेवलेला माणूस, असा समज असेल तर त्याची कॉलेजातली कामगिरी पाहावी. तो बचावफळीत सेफ्टी म्हणून खेळत असे आणि त्याने कॉलेजच्या कारकिर्दीत प्रतिस्पर्ध्यांचे १८ पास मध्येच पकडले, त्यातले आठ शेवटच्या हंगामात. १९७२ साली युटा स्टेटविरुद्ध बर्फ पडत असताना त्याने ६१ यार्डांवरून फील्ड गोल मारला, म्हणजे गोलच्या खांबांमधून चेंडू लाथाडून गुण मिळवले. त्याच वर्षी त्याचा एक पंट ९३ यार्ड गेला. बेसबॉलमध्येही तो इतका चांगला पिचर होता की व्यावसायिक संघांनी ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू आळीपाळीने निवडण्याच्या फेऱ्यांत, त्याचं नाव पुकारलं होतं.

१९७३ च्या फुटबॉल ड्राफ्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑकलंड रेडर्सने त्याला पहिल्या फेरीत, तेविसाव्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या फेरीत निवडलेला तो पहिला निव्वळ पंटर. संघाचे सर्वेसर्वा अल डेव्हिस, प्रशिक्षक जॉन मॅडन. पहिली फेरी म्हणजे संघाची वर्षाची सगळ्यात मोलाची निवड. शिवाय त्या वर्षी संघात खेळाडूंची मर्यादा ४० होती, म्हणजे एकेक जागा महत्त्वाची. त्यातली एक जागा, आणि तीही पहिल्या फेरीची, सामन्यात पाच-सहा वेळा मैदानात येणाऱ्या माणसाला देणं धाडसाचं होतं. बे एरियातल्या आपल्या मराठी मंडळींपैकी जे रोज ८८० महामार्गावरून जातात, त्यांना ऑकलंडचं ते जुनं कोलिझियम ठाऊक असेलच. रेची सुरुवातीची वर्षं तिथली. पुढे संघ लॉस एंजेलिसला गेला आणि तोही संघाबरोबर गेला. १४ हंगाम, २०७ सामने, एकही न चुकवता, आणि सगळे एकाच संघासाठी.

डेव्हिसचा जुगार लगेच फळाला आला, आणि त्यात नियमांनीही हातभार लावला. १९७४ साली लीगने, म्हणजे एनएफएलने, दोन महत्त्वाचे बदल केले. एक, पंट मारणाऱ्या संघाच्या बहुतेक गड्यांना चेंडू लाथाडला जाईपर्यंत पुढे पळण्याची बंदी घातली. सगळ्यात बाहेरच्या दोघांनाच ती सवलत राहिली. चेंडू परत आणण्याला वाव मिळावा हा त्यामागचा हेतू. दुसरा, चुकलेल्या फील्ड गोलनंतर चेंडू स्नॅप झाला त्या रेषेवर किंवा २० यार्डांवर, यातलं जे गोलपासून लांब असेल तिथे, प्रतिस्पर्ध्याला मिळू लागला. त्यामुळे फार लांबून गोल मारून पाहण्यात धोका वाढला आणि त्या जागांवरून पंट मारणं जास्त शहाणपणाचं ठरू लागलं. धावणारे गडी उशिरा सुटणार म्हटल्यावर ज्याचा चेंडू हवेत जास्त वेळ राहतो त्याची किंमत एका रात्रीत वाढली. नेमकं तेच रेचं बलस्थान होतं.

मैदानावरचा पुरावा

आकडे आधी सांगून टाकतो. १,०४९ पंट, ४४,४९३ यार्ड, सरासरी ४२.४. सरासरीत तीन वेळा लीगमध्ये पहिला. सात प्रो बोल, म्हणजे निवडक खेळाडूंचे सामने. १९७३ ते १९७८ अशी सलग सहा वर्षं ऑल-प्रोच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तमांच्या, पहिल्या संघात. तीन सुपर बोल विजय. अख्ख्या कारकिर्दीत तीनच पंट अडवले गेले, आणि सलग ६१९ पंट असे होते की ज्यांना कुणाचा हात लागला नाही.

आता मघाचे १०० फूट. जानेवारी १९७६ मध्ये प्रो बोल न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये झाला. मैदानाच्या वर ९० फुटांवर व्हिडिओचा मोठा पडदा टांगलेला होता. रेचा पंट त्या पडद्याला जाऊन लागला. पुढे तो पडदा आणखी वर चढवावा लागला. ह्यूस्टन ऑयलर्सचे प्रशिक्षक बम फिलिप्स यांनी तर त्याच्या चेंडूत हेलियम भरलेला असतो असा आरोप केला. या गोष्टी पंटरच्या दंतकथा म्हणून वारंवार सांगितल्या जातात, पण मला त्या पुराव्यासारख्या वाटतात. त्या काळात हँग टाइमची अधिकृत नोंद कुणी ठेवत नव्हतं. छताला टांगलेला पडदा हीच त्या एका पंटच्या उंचीची नोंद.

दोन प्रसंग मात्र जवळून पाहायला हवेत. समितीसमोर जो वाद झाला, त्याच्या दोन्ही बाजू त्यात आहेत.

पहिला प्रसंग ९ जानेवारी १९७७ चा. पासाडेनाला अकरावा सुपर बोल, रेडर्स विरुद्ध मिनेसोटा व्हायकिंग्ज. पहिल्या क्वार्टरमध्ये गुण ०-०. रे पंट मारायला आला आणि व्हायकिंग्जच्या फ्रेड मॅकनीलने तो अडवला. व्यावसायिक कारकिर्दीत असं त्याच्याबाबतीत पहिल्यांदाच घडलं, आणि घडलं ते देशातल्या सगळ्यात मोठ्या सामन्यात. चेंडू व्हायकिंग्जला रेडर्सच्या तीन यार्डांच्या रेषेवर मिळाला. टचडाउन, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे नेऊन मिळणारे गुण, ठरल्यातच जमा होता. पण दोनच प्रयत्नांनी ब्रेंट मॅक्लॅनहनच्या हातून चेंडू निसटला, रेडर्सच्या विली हॉलने तो पकडला, आणि पुढे सामना ३२-१४ असा रेडर्सने जिंकला. चेंडू निसटला नसता तर हा एक अडवलेला पंट रेच्या नावाला जन्मभर चिकटला असता.

दुसरा प्रसंग २२ जानेवारी १९८४ चा, टँपाचा. अठराव्या सुपर बोलमध्ये रेडर्ससमोर वॉशिंग्टन. सामन्याला पाच मिनिटंही झाली नव्हती, तोच वॉशिंग्टनचा पंटर जेफ हेज याचा पंट रेडर्सच्या डेरिक जेन्सनने अडवला आणि एंड झोनमध्ये, म्हणजे गोलरेषेमागच्या पट्ट्यात, पडलेल्या चेंडूवर झेप घेऊन टचडाउन केला. ७-०. अडवलेला पंट म्हणजे काय आपत्ती असते हे सगळ्या स्टेडियमने नुकतंच पाहिलं होतं. त्याच सामन्यात रेकडे आलेला स्नॅप फार उंच गेला. तो जसाच्या तसा डोक्यावरून मागे गेला असता तर चेंडू रेडर्सच्याच गोलकडे घरंगळत गेला असता आणि वॉशिंग्टनचे गडी त्यावर तुटून पडले असते. रेने उंच उडी मारून एका हाताने चेंडू हवेतच पकडला, जमिनीवर उतरून तोल सावरला आणि अंगावर येणाऱ्यांच्या समोरून ४२ यार्डांचा पंट मारला. रेडर्स ३८-९ असे जिंकले.

स्कोअरकार्डात हा पंट ४२ यार्ड असा नोंदला गेला. सरासरीत तो रेच्या सरासरीएवढाच, म्हणजे अगदी सामान्य. तो पंट नसता तर काय झालं असतं याचा रकाना नाही. विकेटकीपरचं असंच असतं. सुटलेला झेल सगळ्यांच्या लक्षात राहतो, दिवसभर नीट पकडलेल्या चेंडूंची बेरीज कुणी ठेवत नाही.

समितीला नक्की काय खटकत होतं

विरोधकांचे मुद्दे हलके नव्हते, हे आधी मान्य करायला हवं. १,०४९ पंटांना २०७ सामन्यांनी भागलं तर सामन्यामागे पाच येतात. दर सामन्यात पन्नास-साठ वेळा मैदानात उतरणाऱ्या लाइनमनच्या पंक्तीत अशा माणसाला बसवायचं का? दुसरं, ४२.४ ही सरासरी पुढच्या पिढीच्या मानाने फिकी दिसते. आणि वीस यार्डांच्या आत पडलेल्या पंटांबरोबरच थेट एंड झोनमध्ये गेलेले, म्हणजे टचबॅक झालेले पंटही त्याच्या नावावर शंभराहून जास्त आहेत. टचबॅक झाला की प्रतिस्पर्ध्याला २० यार्डांवरून सुरुवात मिळते, तेव्हा लाथेत ताकद होती पण नेम कमी पडला, असं म्हणायला जागा राहते.

पहिल्या मुद्द्याशी मी सहमत नाही, कारण कामाचं मोल किती वेळा केलं यावर लावायचं तर खेळात विशेषज्ञ ठेवण्यालाच अर्थ उरत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या मुद्द्यांत मात्र तथ्य आहे, आणि तिथेच खरी गोम आहे. त्याच्या बाजूचा सगळ्यात बळकट पुरावा नोंदलाच गेला नव्हता. वीस यार्डांच्या आत टाकलेले पंट लीग १९७६ पासून मोजू लागली. म्हणजे रेचे पहिले तीन हंगाम, ज्यांतल्या दोन हंगामांत तो सरासरीत पहिला होता, त्या मोजणीच्या बाहेर राहिले. हँग टाइम तर अधिकृत रकान्यात कधी आलाच नाही. मतदाराच्या हातात राहिली ती फक्त सरासरी, म्हणजे रेच्या कौशल्याबद्दल सगळ्यात कमी सांगणारा आकडा.

शेजारीच दुसरं उदाहरण होतं. कॅन्सस सिटी चीफ्सचा यान स्टेनेरुड, मूळचा नॉर्वेचा, स्कीइंगच्या शिष्यवृत्तीवर मोंटाना स्टेटला आलेला. निव्वळ किकर म्हणून, म्हणजे फील्ड गोल मारण्यासाठी खेळून, हॉल ऑफ फेममध्ये गेलेला तो पहिला, १९९१ साली आणि पात्र झाल्याच्या पहिल्याच वर्षी. रे पुढच्याच वर्षी अंतिम यादीत आला आणि थांबला. स्टेनेरुडकडे ३७३ फील्ड गोल आणि १,६९९ गुण होते. गुण फलकावर दिसतात, त्यासाठी वेगळा युक्तिवाद करावा लागत नाही.

दालनात पंट मारणारे आधीपासून आहेत, असंही सांगितलं जाई, आणि ते खरं आहे. सॅमी बॉ १९६३ च्या पहिल्याच तुकडीतला. १९४० साली त्याची पंटची सरासरी ५१.४ होती आणि एका हंगामाचा तो विक्रम २०२२ साली रायन स्टोनहाऊसने मोडेपर्यंत टिकला. डेट्रॉइट लायन्सचा येल लॅरी १९७९ साली आत गेला. पण बॉ हा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा आणि हल्ल्याची सूत्रं सांभाळणारा गडी होता. १९४३ साली तर पासिंग, पंटिंग आणि बचावात पकडलेले पास या तिन्हींत तो लीगमध्ये पहिला होता. लॅरी सेफ्टी होता, प्रतिस्पर्ध्यांचे ५० पास मध्येच पकडलेला. या दोघांचा पंट हा मूळ भूमिकेवरचा जोडीचा गुण होता. १९५० साली खेळाडू बदलण्याचं स्वातंत्र्य कायमचं मिळालं, पुढे संघ मोठे होत गेले आणि एकच काम करणारे खेळाडू घडू लागले. रे त्या व्यवस्थेतून आला. जुन्या अष्टपैलूंचं उदाहरण देऊन त्याला अडवणं म्हणजे खेळाने स्वतःच तयार केलेल्या भूमिकेला खेळाच्या इतिहासात जागा नाकारणं. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि त्या काळी अनेकांना वाटलं.

विचित्र म्हणजे १९९४ साली लीगला ७५ वर्षं पूर्ण झाली तेव्हा सर्वकालीन संघ निवडला गेला आणि त्यात पंटर म्हणून रेच होता. कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमने त्याला २००४ साली घेतलं. २००० सालापासून कॉलेजमधल्या सर्वोत्तम पंटरला त्याच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. म्हणजे त्याच्या गुणवत्तेबद्दल जवळजवळ एकमत होतं. तरीही १९९२ ते २००८ या काळात तो सात वेळा अंतिम यादीपर्यंत जाऊन परत आला.

दार कसं उघडलं

हॉल ऑफ फेमची आधुनिक गटातली निवड तेव्हा अशी चाले : अंतिम यादीत पंधरा जण. बंद दाराआड एकेकाची बाजू मांडली जाते. मग मतदान होऊन पंधराचे दहा, दहाचे पाच होतात. शेवटी त्या पाचांवर हो-नाही मत घेतलं जातं आणि ८० टक्के हो लागतात. म्हणजे प्रत्यक्षात मतदाराला विचारलेला प्रश्न असा : या पंधरांतले सर्वोत्तम पाच कोण? एका बाजूला क्वार्टरबॅक, रनिंग बॅक, पास रशर, आणि त्यांच्याबरोबर एक पंटर. रेबद्दल मनापासून आदर असलेला मतदारसुद्धा पाच नावं लिहिताना त्याला सहावा ठेवत असेल, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. सहावा आणि पंधरावा यांचा निकाल सारखाच.

निवृत्तीनंतर २५ वर्षं झाली की खेळाडू आधुनिक गटातून बाहेर पडतो आणि ज्येष्ठांच्या गटात जातो. रेच्या बाबतीत हे २०११ नंतर घडलं. बऱ्याच जणांचं प्रकरण इथे कायमचं विसरलं जातं, कारण त्या गटात अनेक दशकांचे खेळाडू ताटकळत असतात. पण ज्येष्ठांच्या उपसमितीने ऑगस्ट २०१३ मध्ये दोन नावं पुढे केली : बचावपटू क्लॉड हम्फ्री आणि रे. आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे ज्येष्ठ उमेदवाराची स्पर्धा कुणाशीच नसे. त्याच्यावर स्वतंत्रपणे हो किंवा नाही एवढंच मत घेतलं जाई, ८० टक्क्यांची अट तीच.

प्रश्न झाला : हा माणूस दालनात असायला हवा की नको? ४६ जणांच्या समितीने त्याला हो म्हटलं. हम्फ्रीही आत गेला. सात वेळा अडलेलं नाव आठव्या वेळी सुटलं, कारण पहिल्यांदाच त्याला कुणाच्या खांद्यावर चढून आत जायचं नव्हतं.

उशिराची किंमत

२ ऑगस्ट २०१४ रोजी कँटनला जॉन मॅडन यांनी रेची ओळख करून दिली. आता हॉल ऑफ फेमकडे पूर्ण संघ झाला, अशा अर्थाचं तो त्या दिवशी बोलला. पण ज्यांनी पहिल्या फेरीत त्याच्यावर डाव लावला ते अल डेव्हिस ऑक्टोबर २०११ मध्येच गेले होते. डेव्हिस स्वतः हॉल ऑफ फेममध्ये गेले ते १९९२ साली, म्हणजे रेचं नाव पहिल्यांदा अंतिम यादीत आलं त्याच वर्षी.

२०११ हे वर्ष रेसाठीही कठीण गेलं. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत त्याच्या तिन्ही सुपर बोल अंगठ्या लिलावात विकल्या गेल्या, ९६ हजार डॉलरच्या आसपास. अडचणीची कारणं त्याची खासगी होती, त्यांचा आणि समितीचा काही संबंध जोडण्याचं कारण नाही. पण सन्मान माणसाच्या उमेदीच्या वर्षांत मिळण्याला व्यावहारिक अर्थही असतो : कार्यक्रम, निमंत्रणं, शिबिरं. रे किकिंगची शिबिरं घेत असे, पोरांना शिकवत असे. ‘हॉल ऑफ फेमर’ हे बिरूद त्याला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मिळालं. ३ नोव्हेंबर २०२२ रोजी हॅटिसबर्गला त्याचं निधन झालं. हा सन्मान त्याच्या वाट्याला जेमतेम आठ वर्षं आला.

दार माणसासाठी उघडलं, जागेसाठी नाही

या प्रकरणातून पंटर या भूमिकेचा मार्ग मोकळा झाला का? २०२५ पर्यंतचं उत्तर नाही असंच आहे. शेन लेक्लरकडे पाहा. रेडर्सचाच पंटर, २००० सालच्या ड्राफ्टमधला, १३ हंगाम तिथे आणि पाच ह्यूस्टन टेक्सन्समध्ये. सरासरी ४७.६, सात प्रो बोल, सहा वेळा ऑल-प्रोच्या पहिल्या संघात. २०१९ साली लीगच्या शंभरीचा सर्वकालीन संघ निघाला तेव्हा त्यात दोन पंटर होते : रे गाय आणि शेन लेक्लर. लीगच्या शंभर वर्षांतल्या दोन सर्वोत्तमांपैकी एक दालनात आणि दुसरा बाहेर. जेफ फीगल्स सलग ३५२ सामने खेळला, बावीस हंगाम, १,७१३ पंट. लांबीपेक्षा नेमाने चेंडू कोपऱ्यात सीमारेषेबाहेर घालवण्यात त्याचा हात धरणारे थोडे. तोही बाहेरच.

सरासरीच्या बाबतीत लेक्लर रेच्या पाच यार्ड पुढे आहे, म्हणून रेच्या विरोधकांचा मुख्य मुद्दा त्याला लागूच होत नाही. तरी तो अडतो, यावरून मला वाटतं की सरासरीचा मुद्दा कधी खरा अडसर नव्हताच. अडसर आहे तो पाच जागांसाठी सगळ्या भूमिकांची एकमेकांशी तुलना करण्याचा.

आणि आता रेचा मार्गही पूर्वीसारखा राहिलेला नाही. २०२५ च्या निवडीपासून ज्येष्ठ खेळाडू, प्रशिक्षक आणि योगदानकर्ते यांचे अंतिम उमेदवार एकाच गटात ठेवून मतदारांना त्यांतले तीन निवडायला सांगितलं जातं. म्हणजे ज्येष्ठांच्या गटातही पुन्हा तोच प्रश्न आला : यांतले सर्वोत्तम कोण? त्या वर्षी या गटातून एकटा स्टर्लिंग शार्प आत गेला, आणि संपूर्ण तुकडी चौघांचीच झाली. हाच नियम २०१४ साली असता तर रेला क्लॉड हम्फ्रीशी मतं वाटून घ्यावी लागली असती.

एक गोष्ट मात्र बरी झाली आहे. रेच्या नावाच्या कॉलेज पुरस्कारात निव्वळ लांबीला पहिलं स्थान नाही. परतीचे यार्ड वजा जाता उरलेलं अंतर आणि वीसच्या आत पडलेले पंट पाहिले जातात, आणि चेंडू किती परत आला, किती पंट परत आलेच नाहीत, यावर विशेष भर असतो. युटाचा टॉम हॅकेट हा ऑस्ट्रेलियन मुलगा या मोजमापावर २०१४ आणि २०१५ अशी दोन वर्षं तो पुरस्कार जिंकला. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधून आलेल्या पंटरांची जी वाट डॅरेन बेनेटने १९९५ पासून सॅन डिएगो चार्जर्ससाठी खेळून रुळवली होती, त्याच वाटेवरचा हा गडी. रेच्या काळात जे मोजलं जात नव्हतं, ते आता कॉलेजपासून मोजलं जातं.

लेक्लर निवृत्तीला २५ वर्षं होईपर्यंत आधुनिक गटातच राहील, म्हणजे अजून बरीच वर्षं त्याचं नाव क्वार्टरबॅकच्या शेजारी वाचलं जाईल. त्याची बाजू जो मांडेल त्याने ४७.६ हा आकडा शेवटी सांगावा असं मला वाटतं. आधी परत न आलेल्या पंटांची टक्केवारी, मग वीसच्या आत टाकलेले पंट, मग रेडर्स आणि टेक्सन्सच्या बचावफळीला सरासरी कुठून सुरुवात मिळाली ते. आणि समितीने करायचं काम एकच आहे : किकर आणि पंटर यांच्यासाठी ठरावीक वर्षांनी एकदा तरी पूर्वीचं स्वतंत्र हो-नाही मत पुन्हा आणावं. २०१४ साली ८० टक्क्यांची अट तशीच ठेवूनही ते जमलं होतं.